इंजिन तुमच्याकडे, गाडी आमच्याकडे

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं पाहून दचकू नकोस. इकडे सगळे बरे आहोत. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता हे काठी घेऊन चालतात, आणि त्याच काठीने मला घरभर वस्तू दाखवत असतात की हे उचल, ते तिकडे ठेव. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण माणसाला रेघेत ठेवायची सवय काही गेली नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. गाडीची शेड रिकामी करायची आहे. जागेच्या मालकांना ती हवी आहे आणि त्यांनी तीस एप्रिलपर्यंतचा वेळ दिला आहे. त्यांचं काही चुकलं नाही, मामंजींच्या काळापासून त्यांनी आपल्याला कधी तगादा लावला नाही. घरही सोडतो आहोत. लेकीच्या शेजारचा फ्लॅट मिळाला आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे. तिथे माझं शिवणयंत्र कुठे बसवायचं यावरच माझी तारांबळ उडाली आहे, तिथे गाडी कुठून आणणार?

तर गाडी विकायची असं यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तीन दिवस जेवताना बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायची जाहिरात लिहून माझ्यापुढे सरकवली. तू ती वाचायला हवी होतीस. गाडी दुर्मिळ आहे, या घडणीच्या फार थोड्या निघाल्या आणि लवकरच कारखाना बंद पडला, एवढं एक वाक्य गोड. पुढे सगळं उणंच. काम अर्धवट आहे. रंग दिलेला नाही. मागची काच नाही. इंजिन व गिअरबॉक्स नाही. येणाऱ्याने आपला वेळ दवडण्यापूर्वी विचार करावा. मी विचारलं की ही जाहिरात आहे की ताकीद. पण यांनी एक अक्षर बदललं नाही.

एवढ्यावरही दोघं आली. पहिला भंगारवाला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने दार वाजवून पाहिलं आणि वजन किती भरेल ते विचारलं. यांनी त्याला पाणीही न विचारता वाटेला लावलं. दुसऱ्या आल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पन्नाशी उलटलेल्या, आता फक्त सकाळचा दवाखाना करतात, आणि अशीच एक जुनी गाडी त्यांनी पूर्वी एकटीने उभी केली आहे. दांडीचा तो छोटा आरसा असतो ना दात बघायचा, तो आणि बॅटरी घेऊन आल्या आणि दारांच्या फटीत, बॉनेटच्या कोपऱ्यात, कुठे कुठे बघत तीन तास बसल्या. बैठकांची शिवण माझ्या हातची आहे हे कळल्यावर त्यांनी टाके मोजून वाहवा केली. तेव्हापासून त्या मला आवडतात, खोटं कशाला सांगू.

त्यांनी इंजिनाचं विचारलं. हे म्हणाले, नाही. त्यांनी कुठे आहे विचारलं, हे पुन्हा म्हणाले, नाही. मग त्यांनी आतल्या पितळी पट्टीवरचा नंबर वाचून दाखवला आणि म्हणाल्या की हाच नंबर कोरलेलं इंजिन जगात कुठे असेल तर त्या सगळं घेतील, काम अर्धं आहे तसं. पण नुसता सांगाडा नको, त्यांना शोभेची वस्तू करायची नाही. त्यांनी नाही म्हटलं तर उरतो तो भंगारवाला. तो गॅसने कापून नेणार.

धाकटे, इंजिन कुठे आहे ते तुला नि मला माहीत आहे. मामंजींनी सुरू केलेलं काम दोघा भावांनी हाती घेतलं तेव्हा किती उत्साह होता! मग माझे हे म्हणायला लागले की गाडी होती तशीच व्हायला हवी, एक खिळासुद्धा बदलायचा नाही. तुझे हे म्हणायला लागले की गाडी रस्त्यावर पळायला हवी, जुनं इंजिन काढा आणि अलीकडचं बसवा. शब्दाने शब्द वाढला. घरातली भांडीकुंडी दोघांनी न बघता वाटली आणि गाडी मात्र मधोमध वाटली. इंजिन नि गिअरबॉक्स तुमच्याकडे, बाकी गाडी आमच्याकडे. अशी वाटणी आणखी कुणी केली असेल तर मला येऊन सांग. आपण दोघी शेडच्या दारात उभ्या होतो आणि तू चहाचा ट्रे तसाच परत नेला होतास. त्याला अकरा वर्षं झाली.

तर एवढंच कळव, ते इंजिन अजून आहे का? की मोडलं, विकलं? भाऊजींना विचारू नकोस. मी लिहिलंय हे यांनाही ठाऊक नाही. फोन करू नकोस, फोन हॉलमध्ये आहे आणि यांचा गुडघा गेला असला तरी कान शाबूत आहेत. उत्तर शिवणाच्या क्लासच्या पत्त्यावर टाक.

गाडी जाणार याचं यांनी मनाशी मिटवलं आहे. पण मामंजींची गाडी कापून तुकड्यांनी जाताना हे बघू शकणार नाहीत, आणि यांना ते बघताना मी बघू शकणार नाही. म्हणून हा खटाटोप.

तब्येतीला जप. उत्तराची वाट पाहते. लोभ आहे, तो धरून ठेव.

तुझी,
वहिनी


दि. १७ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शिपायाने ग्रंथालयात आणून दिलं तेव्हा आठवीची मुलं पुस्तकं बदलत होती. मी ते टेबलाखाली धरून वाचलं आणि एका मुलीला चुकून शब्दकोश घरी न्यायला दिला. अजून तिने परत केलेला नाही.

इंजिन आहे, वहिनी. आमच्या घराच्या नकाशात ज्या खोलीवर जेवणघर असं लिहिलं आहे त्या खोलीत आहे. अकरा वर्षं आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जेवतो. पाहुणे आले की मी त्यावर चादर घालते आणि चादरीवर फुलदाणी ठेवते. एका बाईंनी तो पियानो समजून मला कोण वाजवतं असं विचारलं, तर मी हे वाजवतात असं सांगून मोकळी झाले. ते तसं अगदीच खोटं नाही.

माणूस आठवडाभर पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी काय करतो, तर तेच. माझे चांगले तीन ट्रे नटबोल्ट घालून रॉकेलमध्ये बुडवलेले आहेत. मला वाटलं होतं की यांना जुनं इंजिन नकोच होतं, चार महिन्यांत कंटाळतील आणि मला टेबल मांडता येईल. झालं उलटंच. जुन्या बनावटीचेच भाग हवेत म्हणून यांनी कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांना पत्रं लिहिली. एक पितळी भाग मिळेना तर स्वतः तीनदा घडवला. पहिले दोन चालण्यासारखे होते, तरी मूळच्यासारखे दिसत नाहीत म्हणून फेकले. मी एकदा विचारलं की तुम्हाला तर नवं हवं होतं, मग हा हट्ट कुणाचा. यांनी वर न बघता सांगितलं की दादाला जुनंच हवं होतं.

गेल्या वर्षी लाकडी घोडीवर बसवून ते अंगणात नेलं आणि चालू केलं. शेजारपाजारचे गच्चीत आले. पाच मिनिटं चाललं असेल. हे मान वाकडी करून ऐकत उभे होते. मग बंद केलं आणि आंघोळीला गेले, ते तासभर बाहेर आले नाहीत.

आता माझा गुन्हा कबूल करते. मला लपवाछपवी जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. दोन दिवस मी आमटीत दुप्पट मीठ घातलं आणि तिसऱ्या दिवशी यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी शेडचं आणि विक्रीचं सांगून टाकलं. हे बराच वेळ कानशीने लोखंडाचा एक तुकडा घासत राहिले. मग म्हणाले की दादाला गाडी विकायची असेल तर खुशाल विकावी, इंजिन विकायचं नाही. ते त्या एकाच गाडीसाठी केलं आहे. मी म्हटलं की अहो, मग तर द्यायलाच हवं. त्यावर म्हणाले की मग दादाने स्वतः मागावं. दोन ओळींचं कार्ड पुरे.

मी चिडले होते, पण एक गोष्ट तुम्हाला सांगते. हे रोज कामावरून आले की फाटकाच्या पत्रपेटीत हात घालून बघतात. पेटीला काच आहे, रिकामी असली तर बाहेरूनच दिसते. तरी हात घालतात. आमचं लग्न झाल्यापासून मी यांना इतकं कशाची वाट बघताना पाहिलेलं नाही.

दादांना नमस्कार सांगता येत नाही, म्हणून तुम्हीच मनातल्या मनात सांगा. आशीर्वाद असू द्या, आणि रागावला असाल तर तेही लिहा.

तुमची,
धाकटी


दि. २७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र क्लासमध्ये वाचलं आणि एका झब्ब्याची बाही उलटी शिवली. मग उगाच मुलींवर खेकसले. रागावलेली नाही मी तुझ्यावर. आमटीत मीठ जास्त पडणारी बाई मला जास्त भरवशाची वाटते.

पण इकडे जे झालं ते ऐक, आणि आधी खाली बस.

डॉक्टरीणबाई शनिवारी पुन्हा आल्या. हे चष्मा आणायला आत गेले होते तेवढ्यात मी त्यांना हळूच सांगून टाकलं की इंजिन आहे, दिराकडे आहे, आणि मूळचंच आहे. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या की मग इंजिन बसायची जागा एकदा नीट बघते. सतरंजी अंथरली आणि आरसा घेऊन गाडीखाली शिरल्या. मग बाहेर आल्या, कपडे झटकले आणि यांना विचारलं की हे कुणी कापलं.

इंजिन ज्या आडव्या पट्टीवर बसतं ती पट्टी मधून कापलेली आहे, धाकटे. आणि इंजिन नि पाय ठेवायची जागा यांच्या मधला पत्रासुद्धा वीतभर कापून आत सरकवलेला. काम सुबक, कडा घासलेल्या, पण कापलेलं. मी म्हणणार होते की आमच्याकडे एक खिळाही बदलू देत नाहीत, हे आधीच्या मालकांच्या वेळचं असेल. तेवढ्यात हे म्हणाले की मी कापलं.

डॉक्टरीणबाईंनी का म्हणून विचारलं. यांनी काठीकडे बघत सांगितलं की अलीकडचं इंजिन लांबीला जास्त असतं, ते या जागेत मावत नाही. धाकट्याला ते बसवायचं होतं. तो कधी परत आला तर जागा तयार असावी, म्हणून कापून ठेवलं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी. आठ वर्षं हे त्या गाडीशेजारी माझ्यासोबत चहा पीत होते आणि मला पत्ता नाही! मला वाटायचं की शेडमध्ये बसून धूळ पुसतात.

आता बघ काय झालं ते. तुझ्या यांनी माझ्या यांच्या मनासारखं इंजिन केलं. माझ्या यांनी तुझ्या यांच्या मनासारखी गाडी कापली. आणि आता त्यांचं इंजिन यांच्या गाडीत बसत नाही. हसावं की दोघांना एकेक धपाटा घालावा तेच कळेना.

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या सरळ मनाच्या. त्या बोलून गेल्या की अहो, पण तुमच्या भावाने तर जुनंच इंजिन नवं करून ठेवलं आहे, असं तुमच्या मंडळी म्हणाल्या. हे माझ्याकडे वळले. मग मी सगळंच सांगितलं, तुझं पत्रही दाखवलं. हे गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले की पत्रपेटीला काच आहे का.

डॉक्टरीणबाईंनी विचार करायला वेळ मागितला आहे. मूळची गाडी म्हणून जे मोल होतं ते त्या कापण्याने गेलं, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. भंगारवाल्याचा माणूस काल फाटकापाशी घुटमळत होता.

भाऊजींना हे सांगायचं की नाही ते तूच ठरव. माझी तर मतीच चालेनाशी झाली आहे. तुझी माया आहे, तीच सध्या मला पुरवून पुरवून वापरायची आहे.

तुझी,
वहिनी


दि. ६ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगितलं नाही, सरळ पत्रच हातात दिलं. यांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि हे काय म्हणाले असतील? किती इंच कापलं ते यात लिहिलेलं नाही, म्हणाले.

मला इतका राग आला की मी भांडी घासायला गेले. मागून हे आले आणि ओट्याशी उभे राहून हळूच म्हणाले की नव्या इंजिनाचं ते रागाच्या भरात बोलले होते. दादाने नाही म्हटलं म्हणून जास्तच हटून बसले. दादा ते खरं धरून चालेल आणि स्वतःच्या हाताने गाडी कापेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मामंजी असताना एकदा यांच्या हातून बॉनेटला ओरखडा गेला होता, तर दादा दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. त्या माणसाने करवत चालवली! हे सांगताना यांचा आवाज चिरकला. मी नळ सोडूनच ठेवला, म्हणजे यांना वाटावं की मला ऐकू आलं नाही.

मग दादांना पत्र लिहायला बसले. टोपलीत मला नऊ कागद सापडले. प्रत्येकावर ती. दादास एवढंच, खाली कोरं. एकावर सा. न. पर्यंत मजल गेली होती. मी म्हटलं की पुढे काहीही लिहा, अगदी हवापाण्याचं लिहा. तर म्हणाले की अकरा वर्षांनी हवापाणी कसं लिहू. शेवटी मला एक चिठ्ठी दिली, ती सोबत आहे. वर मायना नाही, खाली सही नाही, नुसते सात प्रश्न आहेत. पट्टी कुठून कुठे कापली, जाडी किती, करवतीने की गॅसने, पत्रा आत किती सरकवला, असलेच. ती दादांना द्या. आमच्याकडे माया अशीच येते, इंचात मोजून.

परीक्षा जवळ आल्या आहेत, पुस्तकं परत यायला लागली. तो शब्दकोशही आला. पत्र धाडत जा, तुमच्या अक्षराची आता सवय झाली आहे.

तुमची,
धाकटी


दि. १५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

चिठ्ठी यांच्या हातात दिली. अक्षर बघूनच खाली बसले. मग काठी बाजूला ठेवून, मी नको नको म्हणत असताना, गाडीखाली गेले. मापं घेतली, पण बाहेर येता येईना. मी आणि क्लासमधल्या दोन मुलींनी सतरंजीसकट ओढून काढलं. गुडघा टम्म सुजला होता, पण चेहरा असा की कितीतरी वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

सोबतची गुंडाळी उलगडताना जपून. माझा कापडाचे नमुने काढायचा खाकी कागद आहे, मला न विचारता घेतला. त्यावर यांनी कापलेला सगळा भाग खऱ्या मापाचा काढला आहे, एकास एक. कडेला सात उत्तरं. नकाशाच्या कोपऱ्यात चौकट करून काढणाऱ्याचं नाव नि तारीख लिहायची असते, ती चौकट यांनी आखली आहे, पण नाव घातलेलं नाही. तिथे लिहिलंय, चूक कापणाऱ्याची. पत्र म्हणून वेगळं काही नाही. आमच्याकडेही टोपली भरली होती, चि. बारकूस एवढं लिहिलेल्या कागदांनी. सख्खे भाऊ आहेत, दुसरं काय!

डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. कापलेलं भरून, मूळच्या जागी मूळचं इंजिन बसवून दिलं तर त्या गाडी घेतील. वीस एप्रिलपर्यंत थांबतील. सांधा लपवायचा नाही अशी त्यांची अट आहे. दुरुस्ती झाली आहे हे उद्या गाडी उघडणाऱ्याला दिसायला हवं, म्हणाल्या. आणि हे काम ज्यांनी गाडी सुटी केली त्याच दोघांनी करावं, बाहेरचा माणूस त्यांना नको आहे.

माझे हे एकटे वाकू शकत नाहीत. भाऊजी आले नाहीत तर वीस तारखेनंतर दहा दिवस उरतात, आणि तो भंगारवाला. आता गाठ तुझ्याशी आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी


दि. २२ मार्च

ती. दादास,
सा. न.

नकाशा मिळाला. पट्टीसाठी त्याच जाडीचं लोखंड इथे मिळालं, मापाने कापून घेतलं आहे. पत्र्याचं तिथेच बघू, तो तू ठोकावास, माझा हात जड आहे. शेडमधली साखळीची कप्पी अजून वजन पेलते का ते बघून ठेव. इंजिन तीन मण तरी आहे आणि माझीही पाठ आता पूर्वीची राहिली नाही.

तीन एप्रिलला सकाळी ट्रकबरोबर निघतो. रजा मिळाली आहे.

चौकटीत लिहिलं आहेस ते चूक आहे. चूक कापायला लावणाऱ्याची. तिथे आलो की खोडून दुरुस्त करीन.

उत्तर लिहीत बसू नकोस, नऊ कागद माझेही गेले आहेत. समोर आलो की बोल काय ते. वहिनींना नमस्कार.

बारकू


दि. २१ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

परीक्षांमुळे तुला येता आलं नाही याचं मला फार वाईट वाटतंय, कारण असला तमाशा पुन्हा बघायला मिळायचा नाही.

भाऊजी ट्रकमधून उतरले तेव्हा हे फाटकात उभे होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं आता मिठी मारतील, रडतील. तर भाऊजींनी वाकून नमस्कार केला, यांनी पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले की इंजिन आडवं का बांधलंस. भाऊजी म्हणाले की आडवंच बांधतात. झालं स्वागत. त्या दिवशी दोघं मिळून वीसेक शब्द बोलले असतील, तेही सगळे मापाचे. मी हवालदिल झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून चढे आवाज यायला लागले. पट्टीचं वेल्डिंग आतून की बाहेरून यावर दोघं कडाकडा भांडत होते. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता काम होणार.

यांनी स्टुलावर बसून पत्रा ठोकला, भाऊजींनी झोपून पट्टी सांधली. सांधा ठसठशीत दिसतो. चौदाव्या दिवशी कप्पीवरून इंजिन खाली सोडलं. एक बोल्ट चार वेळा अडला आणि पाचव्यांदा असा बसला की जणू कधी निघालाच नव्हता. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी आधी पितळी पट्टीवरचा नंबर वाचला, मग इंजिनावरचा. भाऊजी खाली बघत होते आणि हे छताकडे. मी मात्र पदर डोळ्याला लावला, मला कुणाची चोरी?

मग नवंच. दोघांना म्हणे आता तारा जोडायच्या होत्या, पेट्रोलची नळी घालायची होती आणि एकदा, एकदाच, चालू करून बघायची होती. दोन दिवसांचं काम. डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. त्या म्हणाल्या की मी अर्धवट गाडी विकत घेतली आहे, उरलेलं काम माझं आहे, ते तुम्ही उरकून टाकलंत तर मी घेतलं काय? दोघांनी किती विनवण्या केल्या! बाई हसत होत्या, पण हलल्या नाहीत. भाऊजींचा चेहरा पुढ्यातलं ताट उचलून नेल्यासारखा झाला.

किमतीचं तर विचारूच नकोस. बाईंनी आकडा सांगितला तर हे म्हणाले की फार होतो, गाडी मी कापली आहे. भाऊजी म्हणाले की कमी होतो, दादाने पत्रा ठोकला आहे. विकणाऱ्यांतच घासाघीस! शेवटी बाईंनी आपलाच आकडा लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

काल सकाळी गाडी ट्रकवर चढली, अख्खी. कापून नाही, तुकड्यांनी नाही. वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा हे आत येतील असं मला वाटलं. पण दोघांनी झाडू घेतले आणि शेड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाडली. भाऊजी उद्या निघतील. तुझे तीन ट्रे त्यांच्याबरोबर पाठवते आहे, मी साबणाने घासले आहेत, तरी वास आहेच.

जेवणघरात आता टेबल मांड. आम्हाला बोलावलंस तर येऊ, नाही बोलावलंस तरी येऊ. एवढी माया तर आता हक्काचीच झाली.

तुझी,
वहिनी


दि. ४ मे

चि. बारकूस,
अ. आ. वि. वि.

तू नीट पोचल्याचं धाकटीच्या पत्रातून कळलं. शेडची किल्ली तीस तारखेला दिली. आम्ही फ्लॅटवर आलो. लिफ्ट वेळेवर येते. गुडघा बरा आहे. तुझ्या वहिनीचं शिवणयंत्र शेवटी माझ्या खिडकीपाशी बसलं, त्यामुळे मी आता खुर्ची घेऊन दाराशी बसतो.

डॉक्टरीणबाईंचा फोन होता. तारा लावणं चालू आहे. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही. फार जड गेलं.

तुला एक सांगायचं आहे. ते समोर असताना सांगता आलं नाही, अठरा-वीस दिवस मापंच बोलत राहिलो. बाबांची गाडी म्हणून मी ती सांभाळली असं सगळ्यांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण गाडी गेल्यावर कळलं की तसं नव्हतं. अर्धी तुझ्याकडे आहे, तेव्हा आज ना उद्या तुला इकडे यावंच लागेल, एवढ्यासाठी मी ती धरून बसलो होतो. शेडचा दरवाजा वाजला की मी आधी बाहेर बघायचो. बहुतेक वेळा वारा असायचा.

आता गाडी नाही, शेडही नाही. तुला इकडे यायला काही काम उरलं नाही आणि मला तुला लिहायलाही. गेले आठ दिवस मी लिहिण्यासाठी एखादं कारण शोधत होतो. सापडलं नाही. म्हणून कारण नसताना लिहितो आहे.

तूही तसंच लिही.

लोभ होताच. तो आता एकमेकांना कळवत जाऊ.

तुझा,
दादा